ब्लूम्सबरीतलं जॉर्जियन घर ऑफिससाठी घेतलंय, मधली भिंत काढावी का?

हिशेबनीस

नमस्कार मंडळी. लंडनमध्ये जुन्या इमारतींचं काम करणारे काही जण इथे लिहितात, म्हणून विचारतो आहे.

आमची हिशेब तपासणीची छोटी फर्म आहे, पंधरा-सोळा माणसांची. आजवर काचेच्या इमारतीत एका मजल्यावर होतो. आता ब्लूम्सबरीत, गवर स्ट्रीटच्या अगदी जवळ, एक अख्खं जॉर्जियन, म्हणजे इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातलं, घर भाड्याने घेतलंय. पिवळट-काळपट विटांचं, रुंदीला जेमतेम तीन खिडक्या, पण तळघर आणि माळा धरून पाच मजले. अठराव्या शतकाच्या शेवटाचं, ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने जपलेलं. दोन्ही बाजूंना तशीच घरं चिकटून उभी. आधीच्या भाडेकरूंचंही ऑफिसच होतं.

भागीदारांच्या डोक्यात तीन गोष्टी आहेत. पहिल्या मजल्यावर पुढची आणि मागची खोली यांच्यामधली भिंत काढून एकच मोठा हॉल करायचा. दुसऱ्या मजल्यावर कोणी बसणार नाही, तिथे रुळांवर सरकणारे फायलींचे रॅक ठेवायचे. आणि तळघरात मागच्या भिंतीचा रंग फुगून सोलला जातोय, तिथे घरमालकाच्या कंत्राटदाराने वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा सुचवलाय, तो करून घ्यायचा. पहिल्या मजल्यावरच्या त्या मधल्या भिंतीवर ठोकून बघितलं तर पोकळ आवाज येतो, त्यामुळे सगळ्यांचं मत असं की ही नुसती आडोशाची भिंत असणार.

कामापलीकडे मला हे घर समजूनही घ्यायचंय. वरच्या मजल्यांच्या खिडक्या लहान लहान का होत जातात? पुढची भिंत रस्त्यावरून निरखून बघितली की दुसऱ्या मजल्यापाशी जराशी बाहेर आल्यासारखी दिसते, ते काय? आणि पहिल्या मजल्यावर जमिनीवर पेन ठेवलं तर ते दोन्ही खोल्यांतून मधल्या भिंतीकडेच घरंगळत जातं. पुढच्या खोलीतून मागे आणि मागच्या खोलीतून पुढे. हे कसं?

ओळंबा

भिंतीला हात लावण्याआधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. कृपा करून ती भिंत काढू नका. तुमच्या पेनानेच उत्तर दिलंय.

मी इथे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, त्यातली बहुतेक याच काळातली घरं. त्याआधी पुण्यात कसबा पेठेतल्या वाड्यांवर काम केलं, तेव्हा आधी वाड्याच्या भाषेत सांगते. तुमचं घर बाहेरून विटांचं दिसतं, पण मधोमध ते लाकडावर उभं आहे. दोन्ही बाजूंच्या सामाईक भिंती विटांच्या, त्यांच्यातच शेकोट्या आणि धुराडी. पुढची आणि मागची भिंत विटांची. पण पुढची खोली आणि मागची खोली यांच्यामधली भिंत जवळपास नेहमी लाकडी चौकटीची असते. उभे खांब, मध्ये तिरपे टेकू, दोन्ही बाजूंना लाकडाच्या पातळ पट्ट्या ठोकून त्यावर चुन्याचा गिलावा. म्हणून पोकळ आवाज येतो. अशा घरांत जमिनीच्या तुळया बहुतेक पुढच्या भिंतीपासून या मधल्या चौकटीवर आणि तिथून मागच्या भिंतीवर टेकलेल्या असतात. म्हणजे वरच्या मजल्यांचा साधारण निम्मा भार त्या 'आडोशाच्या' भिंतीवर आहे.

आता पेन. विटांची भिंत दोनशे वर्षांत फारशी खचत नाही. लाकूड मात्र सुकतं, आकसतं, सांध्यांत दबतं, आणि प्रत्येक मजल्याचं थोडं थोडं दबणं वर वर साठत जातं. कडेच्या विटा होत्या तिथेच राहिल्या, मधली चौकट खाली गेली, म्हणून जमीन दोन्हीकडून तिच्याकडे उतरते. या वयाच्या घरात एवढा उतार स्वाभाविक आहे, फक्त तो अजून वाढतोय का हे पाहायला हवं. दरवाज्यांच्या चौकटी बघा. चौकट तिरकी झालीय पण दार त्या तिरकेपणाला तासून नीट बसवलेलं असेल, तर ते दबणं फार जुनं. हल्ली हल्ली अडकायला लागलेलं दार असेल तर इंजिनिअरला बोलवा.

पुढच्या भिंतीबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण या घरांचं खरं दुखणं तिथे असतं.

ही घरं राहणाऱ्यांनी बांधून घेतली नाहीत. जमीन मोठ्या इस्टेटीची, तुमच्या भागात ड्यूक ऑफ बेडफर्डची. बांधकाम करणारा ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, बहुधा ९९ वर्षांच्या, जागा घेई, घर उभं करी आणि पुरं होण्याआधीच गिऱ्हाईक शोधी. पैसा अडकलेला, त्यामुळे काटकसर जिथे दिसणार नाही तिथे. दर्शनी थराला चांगली, महाग वीट आणि मागे कच्ची, स्वस्त वीट. बाहेरून फ्लेमिश बाँड दिसतो, म्हणजे प्रत्येक थरात एक वीट लांबीची, एक डोक्याची, पुन्हा एक लांबीची. नियमाने डोक्याची वीट आत खोलवर जाऊन दर्शनी थराला मागच्या भिंतीशी बांधते. पण महाग वीट मधोमध तोडली तर एका विटेत दोन डोकी मिळतात! कित्येक घरांत अशी अर्धुकंच लावलेली सापडतात, पूर्ण वीट कुठेतरी अधूनमधून. गोधडीला टाके कमी पडले की वरचं कापड सुटून फुगतं, तसा तो दर्शनी थर सुटतो. त्यात भर म्हणजे भिंत ओली असताना ताठ राहावी म्हणून तिच्या पोटात आडवी लाकडं घातलेली असतात. ती कुजली की भिंत त्या पातळीवर दबते. आणि पुढची भिंत सामाईक भिंतींशी नीट गुंफलेली नसते, कारण दोन्ही वेगळ्या विटांच्या आणि बरेचदा वेगळ्या वेळी उठवलेल्या.

तुम्हाला दुसऱ्या मजल्यापाशी दिसणारा फुगवटा यांपैकीच कशामुळे तरी असणार. घाबरण्याचं कारण नाही. ओळंबा लावून किती मिलिमीटर आहे ते मोजून ठेवायचं आणि वर्षभराने पुन्हा मोजायचं. गरज पडली तर आतून स्टेनलेस स्टीलच्या सळ्या घालून भिंत सामाईक भिंतींना आणि तुळयांना बांधतात. भिंत उतरवून नव्याने बांधायची वेळ क्वचित येते.

पण त्याआधी गच्चीवर माणूस पाठवा. तुमच्या घराचं छप्पर रस्त्यावरून दिसत नाही, कारण पुढची भिंतच वर नेऊन कठडा केलाय. १६६६च्या आगीनंतर लंडनने जे नियम केले त्यांचा हा परिणाम. १६६७च्या कायद्याने घरं विटांची किंवा दगडाची करायला लावली. १७०७च्या कायद्याने पागोळीखालचा लाकडी कंगोरा बंद केला आणि भिंत छपराच्या वर न्यायला लावली, म्हणजे शेजारची आग लाकूड पकडणार नाही. आगीपासून घर वाचलं, पण पावसाचं पाणी आता कठड्यामागच्या शिशाच्या पन्हळीत जमतं. ती पन्हळ पानांनी तुंबली की पाणी थेट भिंतीच्या पोटात, त्या आडव्या लाकडांवर. मी पाहिलेल्या कुजलेल्या पुढच्या भिंतींपैकी बहुतेकांचं मूळ तिथेच होतं. शरद ऋतूच्या शेवटी आणि वसंतात एकदा पन्हळ साफ करायची, एवढं भाडेकरारात कोणाच्या वाट्याला आहे ते आजच वाचून काढा.

खिडकीही त्याच कायद्यांनी घडवलीय. बाहेर जाऊन तळमजल्याच्या खिडकीच्या कडेला हात लावा. १७०९मध्ये नियम आला की चौकट भिंतीच्या दर्शनी रेषेपासून चार इंच आत हवी. १७७४च्या कायद्याने त्यापुढे जाऊन वर-खाली सरकणारी खिडकी तोलून धरणाऱ्या वजनांची लाकडी पेटी विटांच्या आड लपवायला लावली. म्हणून तुमच्या खिडकीत बाहेरून लाकडाची जेमतेम बोटभर कड दिसते आणि काच खोल, सावलीत बसते. मला या घरांत सगळ्यात देखणं वाटतं ते हेच. वर बघाल तर सरळ कमान दिसेल. तिच्या विटा मऊ मातीच्या, एकेक घासून पाचरीच्या आकाराच्या केलेल्या, सांधा दोऱ्याएवढा बारीक. त्या कमानीमागे मात्र भार पेलायला लाकडाचीच पट्टी आहे. तीही ओलीला भिते.

खिडक्यांचा चढता-उतरता आकार हा घरात कोण कुठे राहायचं त्याचा नकाशा आहे. तळमजल्यावर जेवणाची खोली, पहिल्या मजल्यावर पाहुण्यांचा दिवाणखाना, म्हणून छत सगळ्यात उंच आणि खिडक्या जवळजवळ जमिनीपर्यंत. त्यावर झोपायच्या खोल्या, माळ्यावर नोकर आणि मुलं. स्वयंपाक तळघरात. एखादी खिडकी विटांनी बंद केलेली दिसली तर लोक लगेच खिडकीपट्टीकडे बोट दाखवतात. तो कर १६९६ ते १८५१ होता हे खरं, पण पुष्कळ बंद खिडक्या पहिल्यापासून नुसत्या रांग जुळावी म्हणून केलेल्या असतात.

१७७४च्या कायद्याने घरांचे चार दर्जे पाडले, किंमत आणि क्षेत्रफळावर. ८५० पौंडांवरचं किंवा ९०० चौरस फुटांपेक्षा जास्त जागा व्यापणारं ते पहिल्या दर्जाचं. दर्जानुसार भिंतींची जाडी ठरलेली. पहिल्या दर्जाची पाहायची असतील तर दुपारच्या सुट्टीत बेडफर्ड स्क्वेअरला जा. १७७५ ते १७८३ या काळात बांधलेला, चारही बाजू जवळपास तशाच राहिलेल्या, ग्रेड वन, म्हणजे लिस्टिंगची सगळ्यात वरची पायरी. दारांभोवतीचे दगड दगड नाहीत, ते कोड स्टोन, म्हणजे साच्यात घालून भाजलेली माती. तिथली ३६ नंबरची इमारत आणि तिच्या शेजारची घरं आर्किटेक्चरल असोसिएशन हे विद्यालय वापरतं, १९१७ पासून. घर न मोडता त्यात मोठी संस्था कशी नांदते ते तिथे दिसतं.

आता तळघर. सिमेंटचा गिलावा नको. ही भिंत चुन्यात बांधलीय, ती ओल शोषते आणि मोकळ्या अंगाने वाळते. आतून सिमेंट लावलंत तर ओल जाणार नाही, वर चढेल आणि तळमजल्याच्या तुळयांची टोकं गाठेल. आत्ता जो रंग सोलतोय तोही बहुधा प्लास्टिकसारखा रंग आहे, तो भिंतीला श्वास घेऊ देत नाहीये. आधी बाहेर बघा. मागच्या अंगणाची पातळी कोणी वाढवलीय का, पावसाच्या नळाचा सांधा गळतोय का, विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, सिमेंटने भरल्यात का. पाण्याचं कारण दूर करा, रंग खरवडा, आणि भिंतीला निदान एक उन्हाळा द्या. मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग.

आणि कायद्याचं. लिस्टिंग म्हणजे नुसता दर्शनी भाग असा बऱ्याच जणांचा समज असतो. आतल्या भिंती, जिना, छताची नक्षी, शेकोट्या, सगळं त्यात येतं. परवानगीशिवाय केलेला बदल १९९०च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि काम भाडेकरूने केलं तर तो भाडेकरूवरही येतो.

किलोन्यूटन

ओळंबा यांनी सगळं इतकं नीट सांगितलंय की मी फक्त रॅकबद्दल लिहितो. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, लीड्समध्ये.

घराच्या जमिनीला चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन भार धरतात, साध्या ऑफिसला २.५, म्हणजे अंदाजे २५० किलो. जॉर्जियन जमिनी चांगल्या अवस्थेत असतील तर टेबल-खुर्च्या-माणसं सहसा पेलतात. मालमत्तेचे दलाल याहून दुप्पट आकडे मागतात, त्यापायी जुन्या तुळयांना विनाकारण लोखंड जोडलं जातं. ते करू देऊ नका.

पण फायली वेगळ्या. हिशेब करू या. ए-फोर कागदाचं ५०० पानांचं रीम अडीच किलो, जाडी साधारण पाच सेंटिमीटर. म्हणजे मीटरभर फळी गच्च भरली की ५० किलो. पाच फळ्यांचं एक रॅक २५० किलो. सरकत्या व्यवस्थेत दोन रॅक पाठीला पाठ लावून बसतात, ५०० किलो, आणि जागा एका चौरस मीटरहून कमी. ऑफिससाठी धरलेल्या भाराच्या दुपटीच्या पुढे गेलात. फायलींत हवा असते, म्हणून थोडं कमी धरा, तरी गणित बदलत नाही. आणि हा सगळा भार जाणार कुठे? त्याच मधल्या लाकडी भिंतीवर, जी भागीदारांना खाली काढायचीय. वर रॅक आणि खाली भिंत गायब, हा विचार मनातून पूर्ण काढून टाका.

दुसरं, आधीही ऑफिस होतं म्हणालात. तसं असेल तर फळ्यांखाली तुळयांना वायरी आणि पाइप घालायला खाचे पाडलेले असण्याची दाट शक्यता आहे. तुळईची ताकद खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. नऊ इंची तुळईच्या मध्यावर दोन इंचांचा खाचा पाडला की तिथे उरतात सात, आणि ८१ ची झाली ४९. चाळीस टक्के ताकद गेली, एका करवतीच्या कामात. दुसऱ्या मजल्यावर दोन-तीन फळ्या उचलून बघितल्याशिवाय तिथे जड काहीच ठेवू नका.

थंडीवाजतेय

माझं ऑफिस अशाच एका घरात आहे, खिडक्यांपुरतं लिहिते. जुन्या सरकत्या खिडक्या काढून डबल ग्लेझिंगला परवानगी मिळवणं फार अवघड, आणि जुनी काच, जी किंचित लाटांची असते, ती गेली की परत मिळत नाही. आम्ही आतून दुसरी काच लावून घेतली, सुटी काढता येणारी. रस्त्याचा आवाज एकदम कमी झाला. त्याआधी दोऱ्या बदलून, वजनं जुळवून, फटींना ब्रश लावून घेतले तेव्हाच खडखडाट थांबला होता. आणि खिडकीच्या बाजूच्या लाकडी कप्प्यात आतली झडपं दडलेली आहेत का बघा, आमची रंगाच्या थरांखाली चिकटून बसली होती. हिवाळ्यात संध्याकाळी ती लावली की खरंच फरक पडतो.

हिशेबनीस

सगळ्यांचे मनापासून आभार. भागीदारांना हा धागा जसाच्या तसा वाचायला दिला. रॅकचा बेत रद्द. जुन्या फायली बाहेरच्या गोदामात जातील, चालू वर्षाच्या तळमजल्यावर कपाटांत, भिंतीपासून जरा सोडून.

मधल्या भिंतीवर आज पुन्हा ठोकून बघितलं. कडेला आवाज भरीव-पोकळ असा मिश्र आहे, पण मधोमध साधारण सात-आठ फुटांच्या रुंदीत एकदम डबडब वाजते, आणि तिथे हात फिरवला तर गिलावा नाही, प्लास्टरबोर्ड वाटतो. मागच्या खोलीच्या बाजूने त्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना लाकडी नक्षीची उभी चौकट आहे. आम्हाला वाटत होतं ती शोभेची असेल. तळघरात बाहेरच्या दर्जा करड्या आणि दगडासारख्या कडक आहेत, किल्ली रुतत नाही. वरच्या मजल्यांच्या पांढुरक्या आहेत.

ओळंबा

अहो, मग तुमचा हॉल तुमच्याकडे आहेच! या घरांत पुढच्या आणि मागच्या खोलीमध्ये मोठं दुपाखी दार असणं अगदी नेहमीचं. पाहुणे आले की दारं उघडायची आणि दोन्ही खोल्या एक करायच्या. भिंतीतले तिरपे टेकू त्या दाराच्या वरून आणि बाजूने नेलेले असतात, म्हणजे भार आधीच त्या मोकळ्या जागेला वळसा घालून जातो. कोणीतरी ऑफिससाठी दोन केबिन पाडताना ते बोर्डाने झाकलंय. नशीब असेल तर दारं आतच बंद असतील.

हे उघडण्यासाठीही तुमच्या भागातल्या कॅम्डन कौन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्याशी आधी बोला. अलीकडचा बोर्ड काढून मूळ दार मोकळं करणं हा प्रस्ताव आणि भिंत पाडणं हा प्रस्ताव यांच्याकडे ते फार वेगळ्या नजरेने बघतात. अर्जासोबत त्या नक्षीच्या चौकटीचे जवळून काढलेले फोटो जोडा. बोर्डात एक लहान भोक पाडून आतला फोटो घ्यायचा असेल तर तेही आधी विचारूनच. आणि किलोन्यूटन म्हणतात तसा इंजिनिअर तेव्हा हजर असू द्या. चौकटीच्या वरचं आडवं लाकूड मधल्या काळात वायरींसाठी कोणी कापलं तर नाही ना, हे दार मोकळं करण्याआधी कळायला हवं.

तळघराच्या करड्या दर्जा सिमेंटच्या आहेत. ग्राइंडरने काढू देऊ नका, विटांच्या कडा जातात, आणि लंडनच्या त्या पिवळट ‘स्टॉक’ विटेची भाजलेली वरची कातडी गेली की आतलं पोट मऊ असतं. छिन्नी-हातोडीने, हळू, जिथे सहज सुटतंय तिथेच काढायच्या. जिथे घट्ट धरून बसल्यात तिथे राहू द्या. मग बारीक खड्याची वाळू घालून चुन्याने भरायच्या, थंडी-दंव संपल्यावर, म्हणजे एप्रिलनंतर, आणि आठवडाभर ओलं गोणपाट टांगून ठेवायचं. कंत्राटदाराला पहिला प्रश्न हाच विचारा की चुन्यात काम केलेला गवंडी त्याच्याकडे आहे का. नसेल तर दुसरा शोधा.